व्हॅनमधल्या घराचे फोटो छापता, जरा मापंही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत व्हॅनमध्ये कायमचं राहणाऱ्या लोकांवरचा लेख वाचला. फोटो मस्त होते त्यात वाद नाही, मागची दोन्ही दारं सताड उघडी, पांढरी चादर, पलीकडे डोंगर, पायाशी कुत्रं झोपलेलं, सगळं आलं. पण मी आणि माझा नवरा व्हॅनमध्येच राहतो, सुट्टीपुरतं नाही, बारा महिने, आणि आमच्याकडे बघून ज्यांच्या डोक्यात हे खूळ शिरतं ते आपापले आराखडे घेऊन आमच्याकडे येतात, आणि ते आराखडे बघितले की लगेच कळतं की हे सगळे असल्याच फोटोंवरून काढलेत. फोटोत कचऱ्याचा डबा कधी दिसलाय का तुम्हाला? ओला रेनकोट, मळक्या कपड्यांची पिशवी, एकाच प्लगवरून भांडणारी दोन माणसं, हे कधी नसतंच. म्हणून म्हटलं लिहावं. पत्र लांबलं तर कात्री लावा, पण मापांचा भाग कापू नका प्लीज.

मला सांगायचंय ते एवढंच की आराखडा आपल्या दिवसावरून काढायचा असतो, आणि तो दिवसही छान निवडायचा नाही, एकदम रटाळ घ्यायचा, बाहेर धो धो पाऊस, एकाला ताप आलाय, दुसऱ्याचं ऑफिसचं काम चालू आहे आणि दार उघडायची सोय नाही. असा दिवस ज्या आराखड्यात निभतो तो घ्या, बाकीचे दिवस आपोआप निभतात.

याचं मूळ थोडं मागे जातं. व्हॅनच्या बहुतेक आराखड्यांचा मूळ पुरुष म्हणजे फोक्सवॅगनची ती गोल तोंडाची गाडी, १९५० मध्ये तिचं उत्पादन सुरू झालं आणि १९५१ पासून वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात कपाटं, टेबल आणि पलंग होणारं बाकडं बसवायला सुरुवात केली. दिवसा बाकडं, रात्री पलंग. आठवडाभराच्या सुट्टीला एकदम फिट. पण ती कल्पना सुट्टीसाठी होती हो! रोज रात्री टेबल खाली घ्या, उशा सरकवा, अंथरूण काढा, सकाळी परत सगळं उलटं करा, हे आठ दिवस मजेचं वाटतं आणि मग एक दिवस कंटाळा येतो आणि पलंग तसाच पसरून ठेवला जातो, म्हणजे बसायची जागा गेली, जेवायची जागा गेली, आणि सगळ्या व्हॅनचा एक मोठा पलंग झाला. कायम राहणाऱ्यांनी पलंग पक्का ठेवावा असं माझं ठाम मत आहे, आणि आजारी पडल्यावर तर ते फारच पटतं. ज्यांची गाडी अगदीच छोटी आहे त्यांचा नाइलाज समजू शकते.

आता मापं. लोक कंपनीच्या वेबसाइटवरून गाडीचं आतलं माप घेतात आणि त्यावर आराखडा काढतात, तो चुकतो, कारण ते माप रिकाम्या पत्र्याचं असतं. फियाट डुकाटोची सहा मीटर लांबीची गाडी घ्या, तिचा सामानाचा भाग आतून साधारण ३.७ मीटर लांब आणि जिथे सगळ्यात रुंद तिथे १.८७ मीटर, म्हणजे सगळी मिळून सात चौरस मीटरही जागा नाही, आणि मधल्या उंचीच्या छताला आतली उंची १.९३ मीटर. यातून फरशीखालचं इन्सुलेशन (थंडी-उष्णता अडवणारं अस्तर) नि प्लाय मिळून चार-पाच सेंमी गेले, छताचे तेवढेच गेले, बाजूंचेही गेले. उरली उंची साधारण १.८४. आता तुम्ही १.८५ असाल तर रोज मान वाकवून भांडी घासायची तयारी ठेवा, नाहीतर आधीच उंच छताची गाडी घ्या. आणि भिंती सरळ नसतात, वरच्या बाजूला आत झुकत जातात, त्यामुळे टेपने दर वीस-तीस सेंमी उंचीवर वेगळं माप घ्यायचं आणि ते कागदावर लिहून ठेवायचं. खाली नीट बसणारं कपाट वर घासतं ते यामुळेच.

पलंगावर मी जास्त वेळ घालवणार आहे कारण पलंग ठरला की अर्धी गाडी ठरते. पहिला प्रश्न आडवा का उभा. आडवा, म्हणजे डोकं एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला, तर गाडीच्या लांबीतला सव्वा ते दीड मीटरच जातो. उभा टाकला तर जवळजवळ दोन मीटर जातात, आणि ३.७ मधले दोन गेले की स्वयंपाक, बसणं, कपडे, संडास सगळं १.७ मीटरमध्ये कोंबा. म्हणून सगळ्यांना आडवा हवा असतो. पण मर्सिडीझ स्प्रिंटरची आतली रुंदी सुमारे १.७८ मीटर आहे आणि इन्सुलेशननंतर ती अजून कमी होते, त्यामुळे उंच माणूस तिथे सरळ झोपूच शकत नाही, मग लोक बाजूच्या पत्र्याला भोक पाडून बाहेरून फुगवटे बसवतात, म्हणजे खर्च आला, गळतीची एक नवीन जागा आली. डुकाटो चौकोनी आहे म्हणून तिथे आडवं झोपणं पुष्कळांना जमतं. गाडी घ्यायच्या आधी एकदा आत जाऊन आडवं पडून बघा, विकणारा हसेल, हसू दे. आणि पडताना डोक्याशी नि पायाशी इन्सुलेशनची जाडी धरायला विसरू नका.

आडव्या पलंगाची दुसरी अडचण कुणी सांगत नाही. आत झोपलेल्या माणसाला रात्री उठायचं असेल तर बाहेरच्याच्या अंगावरून जावं लागतं. तरुण जोडप्यांना हे गोड वाटतं, मला विचाराल तर दोघांपैकी एकजण पहाटे उठणारा आणि दुसरा रात्री जागणारा असेल तर नीट विचार करा, कारण हे भांडण रोजचं आहे. उभे दोन अरुंद पलंग दोन्ही भिंतींना आणि मध्ये वाट, हा प्रकार दिसायला अजिबात रोमँटिक नाही पण दोन मोठ्या माणसांना तोच सगळ्यात सुखाचा पडतो, दिवसा दोघांना दोन सोफे मिळतात ते वेगळंच.

मग उंची. पलंगाखाली सामान ठेवायचं म्हणून लोक पलंग वर वर नेत जातात, सायकली तिथे उभ्या ठेवायच्या असतील तर पुढचं चाक काढूनसुद्धा पलंग ९० सेंमीच्या आसपास न्यावा लागतो. आता हिशोब करा, १.८४ मधून ९० गेले, गादीचे १२ गेले, उरले ८२. मोठ्या माणसाला ताठ बसायला ९० ते ९५ सेंमी लागतात. म्हणजे पलंगावर बसून वाचायचं नाही, आजारी माणसाने टेकून बसायचं नाही, फक्त झोपायचं आणि सरपटत खाली उतरायचं. फळी ७५ वर ठेवली तर गादी धरून ९७ उरतात, तिथे माणसासारखं बसता येतं. सायकली मागच्या दाराला बाहेर टांगा, आम्ही तेच करतो. मला विचाराल तर पलंगावर बसता येणं हे पलंगाखालच्या सामानापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, कारण दुसऱ्या माणसापासून थोडं लांब बसायची ती एकच जागा असते.

आणि गादीखाली अख्खी प्लायची फळी टाकू नका. रात्री अंगाची वाफ गादीतून खाली जाते, फळी गार असते, तिथे पाणी सुटतं आणि गादीला खालून बुरशी येते. पट्ट्या लावा, मध्ये फटी ठेवा, किंवा भोकं पाडा, काहीही करा पण खालून हवा खेळली पाहिजे.

स्वयंपाकाच्या ओट्याबद्दल एक जुनी गोष्ट सांगते. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं, साधारण १.९ बाय ३.४ मीटर एवढंच, आणि ते आखताना आगगाडीच्या भोजनडब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघर डोळ्यासमोर ठेवलं होतं, कामाला किती वेळ लागतो, किती पावलं पडतात याचा हिशोब केला होता. आजचं फिटेड किचन त्यातूनच आलं असं मानतात. म्हणजे बघा, चाकावरच्या खोलीतून घराने शिकून घेतलं आणि आपण व्हॅनमध्ये घराच्या किचनचे फोटो बघून ओटा करतो! त्या बाईंची पद्धत साधी आहे, कुठली वस्तू कुठल्या कामाच्या आधी हातात येते ते लिहायचं आणि त्या क्रमाने मांडायचं. फ्रीजमधून काढलं, धुतलं, चिरलं, शिजवलं, वाढलं. आता बहुतेक व्हॅनमध्ये सिंक आणि शेगडी एकमेकींना चिकटून बसवलेली असतात आणि मध्ये चिरायला जागाच नसते. मध्ये निदान ४० सेंमी सलग मोकळा ओटा हवा. मोठा सिंक हवाच असेल तर त्यावर बसणारी फळी करून घ्या, शेगडीला झाकण करून घ्या, पण ती फळी वापरात असताना सिंक बंद होतो हे लक्षात ठेवा.

ओटा कुठे? सरकत्या दाराच्या शेजारी ठेवायची पद्धत पडलीय, हवा मिळते, बाहेर उभं राहूनही काही करता येतं, चांगलंच आहे. पण ओटा दाराच्या तोंडात निम्मा घुसला की आत-बाहेर करताना प्रत्येकजण पोट आत घेऊन जातो. दाराची मोकळी जागा निदान ६० सेंमी राहिली पाहिजे. आणि तिथेच ओल्या चपला काढायला खालची पायरी, रेनकोटला हूक, हे आधी ठरवा, नंतर त्याला जागा मिळत नाही म्हणजे नाहीच.

गॅसचं जरा गंभीरपणे सांगते. एलपीजी (म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू) हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, फरशीवर साचतो, म्हणून सिलिंडरचं कपाट आतल्या बाजूने पूर्ण बंद आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक, ही हौसेची गोष्ट नाहीये. हे भोक गाडीच्या खालून जातं, तिथे चासीचा (गाडीच्या सांगाड्याचा) तुकडा किंवा डिझेलची टाकी आडवी आली तर कपाटच सरकवावं लागतं, म्हणून आधी गाडीखाली झोपून बघायचं आणि मग वर कपाट ठरवायचं. दुसरं म्हणजे गॅस जळला की पाणी तयार होतं, एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाण्याची वाफ होते, ती बंद गाडीत जाणार कुठे, पत्र्यावर. म्हणून छताचा पंखा शेगडीच्या जवळ हवा आणि एखादी खिडकी दुसऱ्या टोकाला, म्हणजे हवा अख्ख्या गाडीतून ओढली जाते. ज्यांना थंड प्रदेशात राहायचंय त्यांनी ब्युटेनवर भरवसा ठेवू नये, शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पलंगाजवळ लावा, यावर मी काही चर्चा करणार नाही.

काहीजण म्हणतात आम्ही गॅसच नको, इंडक्शन लावतो. लावा की. पण १८०० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून चालवायची म्हणजे दीडशे अँपिअरच्या वर करंट ओढला जाणार, त्याला जाडजूड केबल लागते आणि ती केबल जितकी लांब तितकी वीज वाया. म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर शेजारी शेजारीच हवेत, आणि हा निर्णय वायरमनचा नाही, आराखड्याचा आहे. १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिटच्या थोडी जास्त वीज मावते, त्यात स्वयंपाक, फ्रीज आणि दोघांचे लॅपटॉप बसवायचे तर एका बॅटरीत भागत नाही. आणि लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखालच्या तापमानात चार्ज करायची नसते, म्हणून ती बाहेर गाडीखाली लटकवू नका, घरात घ्या, पलंगाखाली वगैरे.

छताचंही असंच असतं. लोक आधी सोलरची पॅनेलं घेतात, मोठ्यातली मोठी, आणि मग पंख्याला जागा शोधतात. उलटं करा. पंखा, वरची खिडकी, त्यांची जागा खालच्या माणसांवरून ठरते, कोण कुठे झोपतं, कोण कुठे शिजवतं त्यावरून, आणि उरलेल्या छतात पॅनेलं बसवा. पॅनेलच्या कोपऱ्यावर पंख्याच्या झाकणाची सावली पडली तरी वीज बरीच घटते, तेवढं अंतर ठेवा.

मधल्या वाटेबद्दल. ५० सेंमी वाट एका माणसाला पुरते, दोघांना नाही. ६० केली तर एकजण भिंतीला चिकटून दुसऱ्याला जाऊ देतो. त्याच्यावर वाढवायची चैन परवडत नाही. त्यापेक्षा एक काम करा, कागदावर प्रत्येक दार आणि ड्रॉवर उघडा काढा. फ्रीजचं दार किती गोल फिरतं, समोरचा ड्रॉवर किती बाहेर येतो, दोन्ही एकाच वेळी उघडले तर एकमेकांना धडकतात का, आणि तेव्हा माणूस उभा कुठे राहतो. नव्वद टक्के आराखड्यांत हे काढलेलंच नसतं (हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, सर्व्हेचा नाही). फ्रीज वरून उघडणारा घ्यायचा का दाराचा, यावर लोक वीज किती लागते ते बोलतात, पण वरून उघडणाऱ्याच्या डोक्यावर काही ठेवता येत नाही हे कुणी बोलत नाही.

कायम राहायचं तर कामाला टेबल लागतं आणि ते खरंखुरं टेबल हवं, ७० ते ७५ सेंमी उंच, खाली पाय घालायला जागा, बैठक ४५ च्या आसपास. मांडीवर लॅपटॉप घेऊन महिनोन्‌महिने काम होत नाही, पाठ सांगते. पुढच्या दोन सीट फिरवता येतात, त्या फिरवल्या की गाडीचं केबिन घरात येतं, फुकटची बैठक मिळते. फक्त फिरवणाऱ्या तबकडीने सीट काही सेंमी वर जाते आणि बुटक्या माणसाचे पाय लोंबकळतात, पायाखाली एक खोका ठेवा, त्यात हत्यारं ठेवा. काही गाड्यांत हँडब्रेक मध्ये येतो, तेही बघून घ्या. दोघांचे फोन कॉल एकाच वेळी असतील तर एकजण पलंगावर, एकजण केबिनमध्ये, मध्ये जाड पडदा. याहून जास्त आवाज बंद होत नाही, त्यामुळे वेळ वाटून घ्या.

संडासावर थोडक्यात, कारण लोक यावर फार वाद घालतात. कायम राहणाऱ्याला लागतोच. कॅसेटवाला, म्हणजे ज्याची खालची मैल्याची टाकी (कॅसेट) काढून रिकामी करता येते तो, घेतलात तर कॅसेट बाहेरून काढायला गाडीच्या पत्र्यात छोटं दार कापावं लागतं, म्हणजे त्याची जागा सुरुवातीलाच पक्की होते, नंतर हलत नाही. पोर्टेबल असेल तर ड्रॉवरसारखा ओढता येईल असा बाकड्याखाली ठेवा, पण वर बसल्यावर डोकं वरच्या कपाटाला लागत नाही ना ते बघा. बंद बाथरूम हवी का नको हे तुमच्या आंघोळीच्या सवयीवर आहे, ६० बाय ८० सेंमी जागा कायमची जाते, आणि बऱ्याच गाड्यांत तिचा वापर शेवटी बादल्या आणि जॅकेटं ठेवायला होतो. वाईट नाही, ओल्या वस्तूंना खोली मिळते. पण मग तसंच ठरवून बांधा.

आता वजन, आणि इथे मी खरंच कळकळीने लिहितेय. युरोपातल्या नेहमीच्या कार लायसन्सवर साधारणपणे ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, बाकी ठिकाणी नियम वेगळे असतील, पण प्रत्येक गाडीच्या पाटीवर तिचं जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतंच आणि ते ओलांडलं की ब्रेक, टायर, इन्शुरन्स सगळ्याचा प्रश्न येतो. मोठी व्हॅन रिकामीच दोन टनांच्या पुढे असते. उरलेल्यात दोन माणसं, फर्निचर, बॅटऱ्या, गॅस, कपडे, सायकली. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यात सूट नाही. बर्च प्लायची बारा मिलिमीटरची ८ बाय ४ ची शीट साधारण २४ किलो भरते, तीच पॉप्लरची घेतली तर १६ च्या आसपास, आणि व्हॅनच्या फर्निचरला अशा कितीतरी शीट लागतात, म्हणजे नुसतं लाकूड बदलून एका माणसाएवढं वजन वाचतं. घरातल्या फर्निचरसारखं १८ मिलिमीटर वापरणाऱ्या सुताराला प्रेमाने समजवा की मजबुती जाडीतून येत नाही, कोपऱ्यांच्या जोडातून आणि गाडीच्या फासळ्यांना नीट बोल्ट करण्यातून येते.

किती वजन याच्याइतकंच कुठे वजन हेही बघायचं. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, हत्यारं हे जड सामान खाली आणि शक्यतो पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये, मागच्या एक्सलच्या (चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) पुढे. मागच्या दाराशी टाकी, त्यावर अजून हत्यारांची पेटी आणि बाहेर सायकली असं केलं तर मागचा एक्सल दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हाताला वेगळं लागतं. डावं-उजवंही तोला. ओटा, फ्रीज, पाणी सगळं एकाच बाजूला आणि दुसऱ्या बाजूला नुसता सोफा, की गाडी उभीच तिरकी राहते. वरच्या कपाटांत कपडे, पुठ्ठे, हलकंच. डोक्यावरच्या कपाटात डबे आणि बरण्या भरलेल्या बघितल्या की मला तर त्या गाडीत बसवत नाही, करकचून ब्रेक लागला तर ते सगळं पुढच्या माणसांच्या मानेवर. चालत्या गाडीत मागे कुणी बसणार असेल तर त्याला गाडीला पक्की जोडलेली, मान्यता असलेली सीट आणि बेल्ट हवा, लाकडी बाकड्याला बेल्ट खिळवून चालत नाही.

फर्निचर बांधायच्या आधी वजनकाट्यावर रिकामी गाडी न्या, पुढचा एक्सल वेगळा, मागचा वेगळा. निम्मं काम झालं की परत न्या. शेवटी नेऊन काय उपयोग, तेव्हा काढून टाकायला काहीच उरलेलं नसतं.

एक राहिलं. गाडी ही गाडीच राहते, तिची दुरुस्ती होत राहते. मागचे दिवे बऱ्याच व्हॅनमध्ये आतून उघडतात, आणि लोक तिथे सुंदर पॅनेल मारून टाकतात, मग एक बल्ब बदलायला अर्धा पलंग उचकटायचा. पाण्याचा पंप, फिल्टर, फ्यूज, जॅक, स्टेपनी, या सगळ्यांपर्यंत हात पोचला पाहिजे आणि तोही अंधारात, पावसात, गादी न उचलता. आराखड्यावर मी अशा जागांना लाल गोल करायला सांगते. आणि दोन वाटा ठेवा बाहेर पडायला. शेगडी सरकत्या दाराशी आणि माणसं मागे झोपलेली, आग शेगडीजवळ लागली तर तुम्ही निघणार कुठून? मालवाहू व्हॅनच्या मागच्या दारांना बऱ्याचदा आतून उघडायची कडीच नसते, ती बसवून घ्या. अग्निशामक पलंगावरून हाताला लागेल असा, शेगडीच्या पलीकडे नको.

आणि हे सगळं कॉम्प्युटरवर थ्रीडीमध्ये काढून समाधान मानू नका. थ्रीडीमध्ये सगळं प्रशस्त दिसतं कारण त्यात माणूस नसतो. रिकाम्या गाडीत फरशीवर मास्किंग टेप चिकटवा, खोक्यांचे पुठ्ठे कापून खऱ्या उंचीचा ओटा, पलंग, कपाट उभं करा, आणि मग त्यात राहा, झोपा, उठा, अंधारात कपडे घाला, पँट घालताना कोपर कुठे आपटतं ते बघा, दोघं मिळून जेवण बनवायचं नाटक करा. ज्याला उठायला त्रास आहे अशा एखाद्या पाहुण्याला बसवून बघा. पुठ्ठा सरकवायला पैसे लागत नाहीत. शक्य असेल तर गादी, एक शेगडी आणि पाण्याचा कॅन टाकून काही आठवडे तसंच राहा, कुठे काय ठेवायला हात आपोआप जातो ते कळतं आणि मग कपाटं तिथे बांधा. तेवढा धीर फार थोड्यांना असतो हे मला माहितीये, सगळ्यांना आधी प्लाय आणायचा असतो.

तर संपादकसाहेब, मागणी एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा फोटोच्या बाजूला एक चौकट टाका. गाडीची आतली लांबी-रुंदी-उंची इन्सुलेशन झाल्यानंतरची, पलंगावर बसायला किती उंची उरली, पाणी किती लिटर, वजनकाट्याची पावती काय म्हणते, आणि वरून बघितलेला साधा आराखडा दारं उघडी काढून. ज्यांची मुलाखत घ्याल त्यांना विचारा की तुमच्यातला एकजण आजारी पडला तर दुसरा कुठे बसतो. यातून जे उत्तर येईल त्याचा वाचकांना जास्त उपयोग होईल. तुमच्या चित्रकाराला नमुना म्हणून लागला तर आमच्या गाडीचा हाताने काढलेला आराखडा मापांसकट पाठवते, तसं कळवा.

आपली,
व्हॅनमध्ये राहणारी एक वाचक